ओट्याचं ई-टेंडर

आमच्या ग्रामपंचायतीत ई-टेंडर आलं तेव्हा वाटलं, कागद कमी होतील. कागद तेवढेच राहिले, किस्से मात्र वाढले! मुरुडजवळचं आमचं गाव कोळ्यांचं, मी तिथला कम्प्युटर ऑपरेटर. बायकांना मासळी सुकवायला ओटा हवा होता. आधीचा ओटा ठेकेदार नानांनी बांधला आणि तो पहिल्याच पावसात दुभंगला. तेव्हापासून जवळा वाळूतच सुकतो आणि खाणाऱ्याच्या दाताखाली कचकचतो. सरपंच लीलाताईंनी बायकांना शब्द दिला होता, "या सीझनला ओटा, आन तो पण धड!"

*

टेंडर पोर्टलवर चढवायचा दिवस. त्यासाठी सरपंचांची डिजिटल सही लागते, ती एका डोंगलमध्ये असते. ताई हजर, डोंगल गायब! नवऱ्याला फोन लावला, तर तो होडी घेऊन निघालेला.

"अगं, माझ्या खिशात हाय. सरपंचाची सही म्हंजे जोखमीची वस्तू. घरात कशी ठेवू?"

"सरपंच कोन? तू का मी?"

होडी अर्ध्या वाटेतून परत! आता डोंगल ताईंच्या गळ्यात असतो, मंगळसूत्राशेजारी.

*

आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब पोर्टलवर चढवलेल्या प्रत्येक गोष्टीची प्रिंट काढतात, पाकिटात घालतात आणि वर लाखेचं सील मारतात.

"भाऊसाहेब, पोर्टलला पासवर्ड आहे!"

"आहे ना. पण ऑडिटवाला पासवर्ड बघतो की लाख?"

मी हसलो. ऑडिटवाले आले. त्यांनी आधी लाख बघितली!

*

ठेकेदारांचं ट्रेनिंग मी घेतलं. पूर्वी दरांची पाकिटं ऑफिसातल्या पेटीत पडायची आणि पेटीशेजारच्या बाकावर नाना बसायचे. काम कुणाला मिळणार हे बाकावरच ठरायचं. ट्रेनिंगमध्ये नानांनी हात वर केला.

"पोरा, यात दुसऱ्याचा दर कुठं दिसतो?"

"उघडेपर्यंत कुणालाच दिसत नाही, नाना."

"मग ठरवायचं कसं?"

"ठरवायचं नाहीच!"

"असं कसं चालंल? भांडणं व्हतील ना!" नाना मनापासून काळजीत!

लोक म्हणतात, खेड्यात रेंज नाही म्हणून ई-टेंडर रुजत नाही. साफ खोटं! रेंज आज नाही तर उद्या येते. बाकावरून उठायला कुणी तयार नसतं, खरी अडचण ती.

*

ओट्याचं टेंडर उघडलं त्या दिवशी नाना दर वेळेसारखे पेढ्यांचा खोका घेऊनच आले. नानांपेक्षा जास्त दर भरायचं बाकीच्या ठेकेदारांनी कबूल केलं होतं म्हणे. निकालाआधीच पेढे वाटले. पहिला पेढा साडूला, दत्ताभाऊंना. बंदराच्या पायऱ्या या दत्ताभाऊंनीच बांधलेल्या. रोज भरतीचा मार खातात, अजून एक दगड हललेला नाही.

मी स्क्रीनवरचे दर वाचायला लागलो. एकाचा दर नानांपेक्षा कमी. दुसऱ्याचाही कमी. तिसऱ्याचाही! आणि सगळ्यात कमी, दत्ताभाऊ.

नानांनी साडूकडे बघितलं. दत्ताभाऊंचं तोंड भरलेलं.

"दत्ता, गिळ आधी. मग बोलू."

लीलाताई पुढे झाल्या, खोक्यातला एक पेढा उचलून तोंडात टाकला.

"नाना, तुमचा पेढा आज पयल्यांदा गोड लागला!"