चर्चमधली द्राक्षं

उमरठजवळच्या वाडीतला सोनबा सहसा कुणाला उणं बोलत नाही. पण परवा सुनेनं, सारिकानं, पुस्तकातलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुस्तक होतं मुंबईतल्या एका गल्लीतल्या जुन्या आर्मेनियन चर्चच्या इतिहासाचं. लिहिणारे महाडचे निवृत्त प्राध्यापक शरद सर. चर्च कुणी बांधलं, व्यापारी कुठून आले, सगळं बैजवार. आणि शेवटी लिहिलेलं, की वस्ती संपली आणि ऑगस्टातली द्राक्षांची प्रथाही बंद पडली.

बंद पडली म्हणे! सोनबानं त्या चर्चची चौतीस वर्षं राखण केली. ऑगस्टात वेदीपुढे द्राक्षं ठेवायची, आशीर्वाद झाला की वाटायची, तोवर तोंडात घालायची नाहीत, हा त्या लोकांचा रिवाज. त्या वस्तीतल्या शेवटच्या सिरानुशबाई परदेशी लेकाकडे निघाल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की यात खंड पडू देऊ नकोस. पाद्री उरला नव्हता. मग सोनबाच बाजार पालथा घालून मिळतील तसली द्राक्षं आणायचा, वेदीपुढे ठेवून हात जोडायचा आणि गल्लीभर वाटायचा. देव दुसऱ्याचा म्हणून दिलेला शब्द खोटा करायचा काय? गावदेवीचा मान चुकला तर अख्खी वाडी भांडायला उठते. इथे चौतीस वर्षांवर एका ओळीत पाणी फिरवलं, तेही शिकल्यासवरल्या माणसानं.

सोनबानं सकाळची एसटी धरून महाड गाठलं. सरांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं, की आर्मेनियन माणूसच नाही तिथे प्रथा कसली, आणि इतिहासाला पुरावा लागतो.

"तीन वर्सामागं ऑगस्टात तुमी चर्च बघाया आलेलात," सोनबा म्हणाला. "माझ्या हातची द्राक्षं उभ्या उभ्या खाल्लीत, आंबट हायेत म्हणालात. कशाची ते मी सांगितलं तुमाला. ते कुठं लिवलंत?"

सरांनी पुस्तक उघडून ती ओळ पाहिली. मग म्हणाले, पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू, की चर्चचा एक नोकर द्राक्षं वाटत असे.

"नोकरी दोन वर्सामागं सुटली, सर. गेल्या ऑगस्टात हितून मुंबईला गेलो नि द्राक्षं ठेवून आलो. मला कुणी धाडलं नव्हतं. त्याला नोकर म्हणाचं नाय."

सरांनी मान हलवली, कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "बरं, तुमचं नाव काय?"