काठावरून गाव ओळखणारी मैनाबाई

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. मैनाबाई म्हणाली होती, "माझ्यावर काय लिहितं वं पोरी, फिनाइलच्या वासावर?" मी हसले अन् विषय सोडला. पण काल कळलं की दिवाळी झाली की ती दवाखाना सोडून गावी चालली. मग राहवलंच नाही. टायपिंगच्या मशीनपाशी बसले ती अजून उठले नाही.

मैनाबाई इथं नागपुरात एका मोठ्या दवाखान्यात आया आहे. फरशी पुसते, रोग्यांना घास भरवते. आहे मात्र कोष्ट्याघरची. कन्हानकाठच्या बोरटेकडी गावात नवरा बाबनराव मागावर लुगडी विणायचा अन् ही त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. मग बाबनराव भाकर वरणात कुस्करून खायला लागला. हिला वाटलं, दात गेले असतील. वर्षभरानं पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा नागपूरला आणलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. फार उशीर झाला होता. तो गेला, अन् ही त्याच वॉर्डात कामाला लागली.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठावन्न साली, सुट्टीत मी तिथं टायपिंगचं काम धरलं. दत्तोपंत डॉक्टरांना यादी पाहिजे होती, घास अडकणारे रोगी कुठून कुठून येतात त्याची. जिथले जास्त निघतील तिथं तपासणीची जीप जाणार होती. जीप एकच. मी दोन दुपारी बसून त्रेसष्ट पत्ते सटासट छापले. छत्तीस नागपूर शहरातले, त्यातही बहुतेक इतवारीतले!

"झालं तर," डॉक्टर म्हणाले, "हा शहराचाच रोग. जीप इतवारीत लावू."

मैनाबाई बादली घेऊन दारातच होती. "खोटं आहे जी ते."

"मैनाबाई, फरशी झाली का?"

"फरशी झाली जी. कागद पुसाचा राह्यला."

मी हसू दाबायला उगाच मशीनचा रोलर फिरवला. डॉक्टर चिडले. "काहून खोटं?"

"ह्या बाया इतवारीच्या नाहीत. त्यांची लुगडी पाहा ना. जांभळा काठ अन् मधात पिवळी रेघ. असा काठ आमच्या तीन गावांतच विणतात."

"लुगडं काय, कोणीही विकत घेते."

"हे विकाचं नसते जी. उरलेल्या सुताचं घरी नेसाले विणतात. बाजारात कोण घेईल?"

डॉक्टर तरातरा वॉर्डात गेले, मागं आम्ही. पहिल्याच खाटेवर अनुसया नावाची बाई होती, जांभळ्या काठाची. "गाव कोणतं बाई?"

"इतवारी जी."

डॉक्टरांनी मैनाबाईकडं असं पाहिलं की माझाच चेहरा पडला. मैनाबाई खाटेशी खाली बसली अन् म्हणाली, "अनुसया, पाणी कुठून भरतं वं? नळावरून का नदीवरून?"

अनुसया रडायलाच लागली. "नदीवरून. थोरल्या दिरानं सांगतलं, शहराचाच पत्ता दे. खेड्याचं नाव घेतलं तं मागं बसवतात."

म्हणजे सगळे नातलगांकडं उतरत होते अन् त्यांचाच पत्ता लिहवत होते! अन् तेच मी इतक्या ऐटीत छापलं होतं.

मग आम्ही वॉर्डात एकेकाला विचारलं. घरी गेलेल्यांना, अन् जे राहिलेच नाहीत त्यांच्या घरच्यांना, पोस्टकार्डं टाकली. उत्तरं आली. शहराच्या नावावरच्या छत्तिसांतले सत्तावीस त्या तीन गावांचे निघाले. सत्तावीस! डॉक्टरांनी कागदावरची इतवारी खोडली.

"पण तिथंच काहून?" मी विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आधी तिथं पोचू तर."

"कारण तुम्ही शोधा जी," मैनाबाई म्हणाली. "गाव मी सांगतलं."

जीप बोरटेकडीला गेली. मैनाबाई पुढच्या सीटवर! दुपारी जेवणाच्या वेळी ती घरोघरी फिरली, एकच प्रश्न घेऊन. "घासामागं पाणी लागते का गा?" सख्खा दीर श्रावण, तोच भाकर भिजवून खात होता.

"दात दुखून राह्यले वैनी."

"तुझ्या भावाचेही दातच दुखत होते," ती म्हणाली, अन् हाताला धरून त्याला ताटावरून उठवलं.

श्रावणचं वेळेवर सापडलं. ऑपरेशन झालं. अजून जपून खातो तो, पण यंदाच्या पोळ्याला पुरणपोळीचा एक तुकडा हळूहळू चावून खाल्ला. पाण्याशिवाय. मैनाबाई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या हातातला फरशीचा पोचारा तसाच ठिबकत होता.

डॉक्टरांचा अहवाल मीच छापला. शेवटी कोणाला न विचारता एक ओळ टाकून दिली, "रोग्यांची खरी गावं मैनाबाईंनी ओळखली." डॉक्टरांनी वाचलं, पेन उघडलं. मला वाटलं, आता खोडतात. त्यांनी नावाच्या आधी फक्त "श्रीमती" लिहिलं.

दिवाळीपर्यंत ती दवाखान्यात आहे, सीताबर्डीवरून सायकलनं दहा मिनिटं. कोणालाही विचारा, व्हरांड्यात दाखवून देतील. अन् तुमच्या घरी कोणी भाकर कुस्करून खात असेल, दर घासाला पाणी पीत असेल, तर त्याला सोबत न्या. तो म्हणेल, दात दुखतात. ऐकू नका. याच आठवड्यात जा अन् भेटा तिला.