ओसरीवर वाचलेलं युद्ध

लग्न होऊन कुंभार पिंपळगावजवळच्या खेड्यात आले, तेव्हा मी नुकतीच मराठीची एम. ए. झाले होते. महाकाव्याची लक्षणं तोंडपाठ होती: भव्य विषय, धीरोदात्त नायक, युद्धाचं वर्णन. पहिल्याच श्रावणात सासऱ्यांनी पोथी माझ्यापुढं ठेवली. त्यांची नजर अधू झाली होती.

"सूनबाई, यंदा तू वाच."

पोथी भाऊबंदांच्या लढाईची होती. दुपारी जेवणं उरकली की ओसरीवर माणसं जमत. एका खांबाशी सासरे बसत, समोरच्या खांबाशी त्यांचे धाकटे भाऊ. दोन्ही घरांचं अंगण एक, शेतातली विहीरही सामाईक. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि मोटारीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. वाचन मात्र कुणी चुकवत नव्हतं.

हक्काचा वाटा नाकारला जातो, तो प्रसंग आला. "बराबर! असंच करतेत," धाकटे पुटपुटले. मी वर पाहिलं, तर सासरेही त्याच ओवीला मान डोलावत होते. अन्याय झालेला तो मीच, असं दोघांनाही वाटत होतं. वर्गात आम्ही नायक कोण ते एका वाक्यात लिहीत असू.

युद्धाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. "लढाई घरात वाचू नको बाई. देवळात वाचतेत ती. घरात वाचली की घरात येती."

दुसऱ्या दिवशी मी पोथीचं फडकं न सोडताच म्हणाले, "मामा, इथंच थांबू या का?"

"बिलकुल न्हाई," सासरे म्हणाले.

"अर्ध्यात सोडत न्हाईत पोथी," समोरून धाकटे म्हणाले. महिनाभरात दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मी वाचलं. धाकट्यांचा मुलगा, माझा चुलत दीर, एकटक माझ्या नवऱ्याकडं बघत होता.

आठवडाभरात विहिरीवरच्या मोटारीची वायर कुणीतरी कापली. कुणी, ते आजही ठाऊक नाही. काठ्या निघाल्या. दिराचा उजवा डोळा गेला. काठी माझ्या नवऱ्याची होती.

दीर जालन्याच्या दवाखान्यातून घरी आला, त्या दुपारी सासऱ्यांनी पुन्हा चौरंग मांडायला लावला. समोरचा खांब रिकामा होता.

"आता कशाला, मामा? शेवट तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक तं पहिल्यापासून व्हता," ते म्हणाले. "सगळ्यांलाच व्हता."

महाकाव्य म्हणजे काय, ते मला त्या वाक्यानं कळलं. पुढं मंठ्याला शिकवताना मुलांना लक्षणं सांगितली, हे मात्र कधी सांगता आलं नाही.

मी वाचू लागले. लढाई संपली होती. बायका रणात आपापली माणसं शोधत होत्या. सासूबाई मध्येच उठल्या, दुधाचा तांब्या घेऊन अंगण ओलांडून धाकट्यांच्या दाराशी गेल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी जावेला दोनदा हाक मारली. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"थांबलीस का?" सासरे म्हणाले. "वाच."