पाणवनस्पतींसाठी शिंदी

दुष्काळाच्या त्या वर्षी सोसायटीच्या चेअरमननी लोहाऱ्यातल्या आमच्या शाळेला माशांची काचेची टाकी भेट दिली. गावात टँकरसाठी घागरींची रांग लागलेली आणि शाळेत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन चाललेलं. काचेवर चेअरमनचं नाव इतकं ठळक रंगवलं होतं की मासे बघायला बाजूनं वाकावं लागे.

मी विज्ञानाचा नवा मास्तर, अजून कायम झालो नव्हतो. तपासणीच्या साहेबांसमोर माझा पाठ व्हायचा होता. उजेडात वनस्पती अन्न तयार करतात तेव्हा पानांवरून प्राणवायूचे बुडबुडे निघतात, ते मुलांना दाखवायचं. पाठ फसला तर बिऱ्हाड गुंडाळायचं. नळदुर्गच्या डोहातून आणून लावलेल्या वनस्पती मात्र पिवळ्या पडत चालल्या होत्या. त्यांना कर्बवायू कमी पडत होता, आणि त्याचा सिलिंडर लोहाऱ्यात कुठून आणायचा?

दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आणि नळी मिळाली. बाटलीत गुळाचं पाणी आंबवायचं आणि निघणारा वायू नळीनं टाकीत, पालथ्या पेल्याखाली सोडायचा. तिथं तो सावकाश पाण्यात विरघळतो. अडलं ते आंबवण्यापाशी; त्याला यीस्ट हवं, म्हणून बेकरीत विचारलं. बेकरीवाले चाचा म्हणाले, "मैदाच मिळंना मास्तर, भट्टी थंड हाय. पण आमी पाव शिंदीनंच फुगवतो. तिचा बुडाचा गाळ आणा, लई जोरात काम करतो."

झाडाच्या रसाची असली तरी शिंदी ही दारूच, म्हणून मी आधी हेडमास्तरांना विचारायला गेलो. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, चहासुद्धा न पिणारा माणूस. त्यांची भाषणं मला फार लांब वाटत.

"तुम्ही शिंदीच्या दुकानात जाऊ नका," ते म्हणाले. "पाठाच्या आधीच नोकरी जाईल."

"मग शिपायाला पाठवू?"

"अर्धीच परत येईल."

त्यांनी टोपी नीट केली, तांब्या घेतला आणि भर बाजाराच्या दिवशी स्वतः निघाले. मी समोरच्या किराणा दुकानापाशी थांबलो. शिंदीच्या दुकानातली बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"सर, तुमीबी? बसा की, बाकडं रिकामं हाय."

"मला फक्त गाळ द्या," सर म्हणाले.

"थेट गाळच? लई मुरलेलं दिसताय की!"

सर मान खाली न घालता तांब्या घेऊन परतले.

बाटली फसफसू लागली. हळूहळू पानं हिरवी झाली. पाठाच्या दिवशी खिडकीतून ऊन आलं आणि पानापानावरून बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. मुलं बाकांवर चढली. साहेबांनी नाक मुरडत विचारलं, "वास कसला येतोय?"

"विज्ञानाचा," हेडमास्तर म्हणाले.

मी कायम झालो. मग ज्याला त्याला सांगत सुटलो की ती शिंदी झाडांसाठी होती. "व्हय मास्तर, आमचीबी झाडांसाठीच असतीया," हे उत्तर. सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सांगत फिरू नका. वरपर्यंत गेलं तर कुणासाठी आणली हे विचारतील, आणि नाव तुमचं निघेल. माझं काय, मी आता रिटायर होणार."

मी सांगणं बंद केलं. गावानं त्यांना मुरलेले ठरवलं ते कायमचंच. माझा संसार त्या नोकरीवर उभा राहिला, आणि त्यांनी मात्र ते बोलणं हसत ऐकून घेतलं.