सत्यवतीचे हात

कारापूरच्या सत्यवतीची सासू सोनाबाई विहिरीत पडली, तेव्हा सत्यवती घरात आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ किसत होती. आवाज ऐकून ती धावली, कळशीचा दोर खाली सोडला, घसा फुटेस्तोवर ओरडली. माणसं जमेपर्यंत म्हातारी गेली होती.

शेजारच्या पद्मावतीनं पोलिसांना सांगितलं, सुनेनं ढकललं, मी डोळ्यांनी पाहिलं. सासूसुनेचं पटत नव्हतं हे गावाला ठाऊक होतंच. पोलिसांनी सत्यवतीला विहिरीवर नेलं, गवत भरलेलं पोतं काठावर उभं केलं आणि कसं ढकललंस ते करून दाखव म्हणाले. ती नाही म्हणाली की मार बसे. शेवटी तिनं पोतं ढकललं. नीट झालं नाही म्हणून पुन्हा करायला लावलं. सगळा गाव बघत होता, तिची लहानगी सुविधासुद्धा.

जन्मठेप झाली. नवरा काशिनाथ तुरुंगात एकदाही फिरकला नाही. पुढे त्यानं घरात दुसरी बाई आणली. पाळी गावात राहणारा तिचा भाऊ सर्वेश तेवढा वकिलांचे उंबरे झिजवत राहिला. आठ वर्षांनी वरच्या कोर्टात उघड झालं, की त्या दिवशी पद्मावती गावातच नव्हती, पेडण्याला बारशाला गेली होती. सत्यवती निर्दोष ठरली. पद्मावतीला कोणी जाब विचारला नाही. गावात कोणी ‘निर्दोष’ म्हणत नव्हतं. ‘सुटली’ म्हणत होते.

सर्वेशनं तिला पाळीला आणलं. तिथं ती उघड्या दारापाशीही उभी राहायची, भावजय स्वाती ‘जा गो’ म्हणेपर्यंत.

एकदा सर्वेशनं सुविधाची भेट घडवली, साखळीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात. पोरगी कॉलेजला जाऊ लागली होती. तिनं भाजीपावाला हात लावला नाही. खालमानेनं म्हणाली, “आई, खरा सांग. तू आजीक ढकललंस?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सत्यवतीच्या तोंडून शब्द फुटेना. सुविधानं थोडं थांबून पाहिलं, मग पिशवी खांद्याला लावली आणि समोर लागलेल्या बसमध्ये जाऊन बसली.

घरी परतल्यावर सर्वेश चिडला. स्वातीसमोरच म्हणाला, कोर्टानं एवढं स्पष्ट सांगितलंय, तुला एक ‘नाही’ म्हणता येत नाही?

“कोर्टाक काय म्हायत?” सत्यवती म्हणाली. “माका आठवता. माझे हात तिच्या पाठीक लागलेले आठवतत.”

ते पोतं होतं, असं सर्वेशनं तिला परोपरीनं समजावलं. ती मान हलवत राहिली. पोतं होतं हे तिलाही कळत होतं. पण डोळे मिटले की तिथं पोतं नसायचं.

दुसऱ्या दिवसापासून स्वाती आपल्या तान्ह्याला तिच्यापाशी ठेवून बाहेर जाईनाशी झाली. सर्वेशच्या ते लक्षात आलं. तो बायकोला काही बोलला नाही.