संचिता साळवीची मंजुरी

विठ्ठलवाडी स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर राहणाऱ्या संचिता साळवीला आपल्या सासऱ्याचा मनापासून राग यायचा. तो ती लपवतही नसे. फक्त तो बघायला घरात कुणाला सवड नव्हती.

सासरे म्हणजे रवींद्र साळवी, घरात आणि सोसायटीत भाऊ. तीस वर्षं सरकारी कचेरीत भाषांतरकार. माणूस निवृत्त झाला, पण तोरा काही निवृत्त झाला नाही. दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत दिसेल त्या मराठीला नावं ठेवायची आणि घरच्यांनी मान डोलवायची, असा शिरस्ता होता.

संचिता कोलशेतच्या एका शाळेत ग्रंथपाल. शाळेने पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं अशातलं. पण सगळं इंग्रजीत. संचिता रजेवर गेली की शिपाई जगन कॉम्प्युटरला हात लावायचा नाही आणि पोरं रिकाम्या हाताने परत जायची. तिने ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मेल टाकला, मराठी कधी येणार? उत्तर आलं, तुम्ही करा की. सोबत सहा हजार वाक्यांची यादी.

ही गोष्ट तिने जेवताना सांगितली, आणि तिथेच तिची चूक झाली. भाऊंनी ताटावरून मान वर न करता जाहीर केलं, "हे काम माझं."

मग पाच वर्षं घरात एक कारखाना चालला. संचिताने शाळेत वाक्यांच्या प्रिंट काढायच्या, भाऊंनी शाईच्या पेनने वहीत मराठी लिहायचं, आणि संचिताने रविवारची दुपार घालवून ते टाइप करायचं. स्क्रीनकडे बघायला भाऊ तयार नव्हते. ईमेल म्हणजे त्यांच्या मते मायना नसलेलं पत्र, म्हणजे उद्धटपणा. म्हणून खातं उघडलं ते संचिताच्या नावाने. आल्यागेल्याला भाऊ सांगायचे, "मराठीकरण मी करतोय. सून टायपिंग बघते."

टायपिंग! अर्ध्या बोटाएवढ्या बटणासाठी भाऊ अकरा शब्द लिहायचे. कचेरीतल्या आदेशासारखी वाक्यं, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी अशी. पहिल्या महिन्यात संचिताने सांगून पाहिलं, "भाऊ, हे बटणावर मावत नाहीये."

"बटण मोठं करायला सांग त्यांना," भाऊ म्हणाले. "भाषा लहान होणार नाही."

त्यानंतर तिने विचारणंच सोडलं. वही समोर ठेवायची आणि स्वतःला हवं ते टाइप करायचं. सोमवारी शाळेत जगनला बसवून बघायचं, त्याला कळलं तर ठेवायचं, नाहीतर पुन्हा बदलायचं. नऊ वह्या भरल्या. भाऊंनी प्रत्येक पानाखाली सही केली आणि एकदाही पडद्यावर काय गेलं ते पाहिलं नाही.

गेल्या वर्षी या सॉफ्टवेअरच्या मराठीत थोडीफार भर घालणाऱ्यांच्या गटाने कामाला शिस्त लावायची ठरवली. गटाचं काम अपूर्व नावाचा मुलगा बघायचा, त्याने माजिवड्याच्या आपल्या ऑफिसात शनिवारी सगळ्यांना बोलावलं. यापुढे एकाने वाक्य सुचवायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि अखेरची मंजुरी एकाच माणसाने द्यायची. नामंजूर केलं तर कारण लिहायचं, ते सगळ्यांना दिसणार. मंजुरी देणारा कोण, एवढंच ठरायचं होतं. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, नऊ वह्या पिशवीत भरून गेले. पिशवी अर्थातच संचिताच्या खांद्याला.

अपूर्वने भिंतीवर यादी दाखवली. संचिता साळवी, पाच हजार आठशे बारा वाक्यं. बाकीचे सगळे दहा-वीसांत.

"ते नाव तांत्रिक कारणाने आहे," भाऊ हसत म्हणाले. "काम माझं आहे. हव्या त्या पानाशी ताडून बघा."

अपूर्वने सहज चौथी वही उघडली. वीस वाक्यांतली दोन जुळली. त्याने सातवी उघडली. तिथे एकही नाही.

"हे कोणी बदललं?" भाऊंनी भिंतीलाच विचारलं.

"मी," संचिता म्हणाली. "पहिल्या वर्षापासून."

"माझ्या लिखाणात हात घातलास? टाइप करायला दिलं होतं तुला."

"तुमचं जसंच्या तसं घातलं असतं तर कुणी वापरलं नसतं, भाऊ."

अपूर्व जरा चाचरत म्हणाला, "मग ताई, कामाच्या हिशोबाने मंजुरीचा हक्क तुमचा. तो सरांच्या नावावर करायचा का? म्हणजे, घरातल्या घरात..."

पाच वर्षांच्या रविवारच्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. "नाही," ती म्हणाली. "माझ्याकडेच राहू दे. त्यांना नवीन खातं काढून द्या."

खातं तिथल्या तिथे निघालं. रवींद्र साळवी, आणि पुढे शून्य. तो आकडा भिंतीवर बघताना संचिताला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

घरी अबोला सुरू झाला. भाऊ ताट उचलून आपल्या खोलीत नेऊ लागले. नवरा विनीत दोन्हीकडून कातावला. "देऊन टाक ना यार," तो म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. काय बिघडतं?"

"तुझं काहीच बिघडत नाही," संचिता म्हणाली.

भाऊ मात्र हटले नाहीत. टॅब मागवला, एका बोटाने टाइप करायला शिकले आणि वाक्यं पाठवू लागले. तीन आठवड्यांत चाळीस. संचिताने चाळीसच्या चाळीस नामंजूर केली, प्रत्येकाला रीतसर कारण देऊन. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

एक्केचाळिसावं आलं. पुस्तक हरवल्यावर दिसणारी सूचना. भाऊंनी चार साधे शब्द लिहिले होते. पोराला दरडावणं नाही, कचेरीचा वास नाही. तिथे आधीच असलेलं वाक्य संचिताचं होतं, आणि भाऊंचं त्याहून सरस होतं. तिने ते तीनदा वाचलं. मंजूर म्हटलं की तिचं वाक्य जाणार होतं आणि त्या शून्याचा एक होणार होता. तिने नामंजूर केलं. कारण लिहिलं, जागेत बसत नाही.

सकाळी ती डबा भरत होती. भाऊ टॅब घेऊन स्वयंपाकघरात आले. दुसऱ्या हातात पट्टी होती. त्यांनी टॅब ओट्यावर ठेवला, चष्मा सारखा केला आणि पडद्यावरची चौकट मापली. मग आपलं वाक्य त्यात टाइप करून पुन्हा मापलं.

"बसतंय," भाऊ म्हणाले. बावीस दिवसांत ते तिच्याशी बोलले तो हा पहिला शब्द.

आवाजात तोरा नव्हता. संचिताने पडद्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना जागा उरली होती.

"नाही बसत," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.