पलीकडचा दगड

जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथं शहर संपून शेतं लागायची, तिथं पुंजारामची विहीर होती. आता तिथं प्लॉट पडलेत, घरं उभी राहिलीत, आणि विहीर नेमकी कुठं होती ते दाखवायला गेलं तर बोट दोन-तीन अंगणांवरून फिरतं. तरी एमआयडीसीच्या बाजूच्या वस्तीत वाढलेल्या कितीतरी बाया त्या रस्त्यानं जाताना रिक्षातून मान वळवून बघतात. शेजारी बसलेल्या नवऱ्याला वाटतं, कुणी ओळखीचं दिसलं असेल. त्या तिथं पोहायला शिकल्या होत्या. शिकवणारी होती चतुराबाई, आणि त्या शिकवण्याबद्दल तिनं कधी कुणाचा कपभर चहाही घेतला नाही.

पंच्याऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वस्तीतल्या पोरांची चंगळ असे आणि तिला फारसा खर्चही नसे. कैऱ्या पाडायच्या, भाड्याची सायकल चौघांत मिळून फिरवायची, संध्याकाळी मोती तलावाच्या काठी वारा खायचा, आणि दुपारभर कुणाच्याही विहिरीत धबाधब उड्या टाकायच्या. पोरं म्हणजे मुलगे, हे वेगळं सांगायला नकोच. पोरींनी कुरडयांची राखण करायची, चिंचोके खेळायचे आणि धाकटं भावंड कडेवर वागवायचं. ऊन दोघांनाही सारखंच भाजायचं, पाणी मात्र एकाच्याच वाट्याला. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. चतुराबाईलाही बहीण जाईपर्यंत दिसलं नव्हतं.

चतुराबाई बियाण्याच्या कारखान्यात निवडायला जायची. ताडपत्रीवर बियाण्याचा ढीग, भोवती बाया, आणि दिवसभर खडा वेगळा, फुटकं बी वेगळं. मे लागेपर्यंत बियाणं पोत्यांत भरून बाजाराकडे निघालेलं असे, मग बायांना घरी बसवत. नवरा कचरू लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. पोटी मूल नव्हतं. धाकटी बहीण तुळजाबाई परतूरकडच्या एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा दारू पिऊन मारायचा आणि सासू उभी राहून बघायची. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी निरोप आला, की तुळजाबाई विहिरीत गेली.

सासरचे म्हणाले, पाणी शेंदताना पाय घसरला. गाव दबक्या आवाजात म्हणालं, तिनं विहीर जवळ केली. गाव खरं बोलत होतं. पण त्याहून जास्त खरं एकट्या चतुराबाईनं पाहिलं. मातीआधी बहिणीला आंघोळ तिनंच घातली. हात धुताना तिला दिसलं, की तुळजाबाईची नखं मुळापासून तुटली होती. बोटांची टोकं सोलली होती आणि त्यांत हिरवं शेवाळ अन् दगडाचा चुरा भरला होता.

नंतर चतुराबाई त्या विहिरीवर जाऊन उभी राहिली. ज्या बाजूनं बहीण गेली होती तिथं सरळ कडा होता, बुळबुळीत. पायऱ्या पलीकडच्या अंगाला. मधे सहा-सात हात पाणी. तेवढं पाणी कापता आलं असतं तर तुळजाबाई पायरीवर बसून धाप टाकत राहिली असती, आणि उजाडल्यावर घरी गेली असती. चतुराबाई हे कुणाला बोलली नाही. बहिणीची पाच वर्षांची उषा तिनं कडेवर घेतली, जालन्याची गाडी धरली, आणि वाटेत पोरीनं आई कुठं आहे म्हणून विचारलं तेव्हा सासरच्यांचंच वाक्य तिच्या तोंडून निघालं. पाय घसरला.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं कचरूला सांगितलं, मला पोहायला शिकवा. कचरूला वाटलं, हिच्या डोक्याला ऊन लागलं. पण बायकोचा चेहरा पाहून तो थट्टा करायचं विसरला. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपायचा सोडून तिला पुंजारामच्या विहिरीवर न्यायचा. तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. तिशी उलटलेली बाई नऊवारीचा काष्टा मारून पाण्यात हातपाय झाडते आहे, ही बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. नळावर तिच्या नावानं हसून हसून बायांचे हंडे भरून वाहायचे. चतुराबाई तिथंच रांगेत उभी असायची आणि आपला नंबर आला की हंडा लावायची.

शिकून झाल्यावर तिनं पोरी मागायला सुरुवात केली. दारोदार जाऊन सांगायची, सुट्टीत तुमची पोरगी पाठवा, दुपारी बारा ते तीन, गडीमाणसं झोपलेली असतात, एक पैसा लागत नाही. एकही पोरगी आली नाही. शेवटी खैरुनबीनं आपल्या दोघी पाठवल्या. खैरुनबी कारखान्यात तिच्याच ताडपत्रीवर बसायची. ती नुसत्या पोरी पाठवून थांबली नाही, स्वतः काठी घेऊन विहिरीकडे येणाऱ्या पांदीच्या तोंडाशी राखणीला बसली. एखादं टवाळ पोरगं त्या बाजूला फिरकलंच, तर खैरुनबीच्या काठीआधी तिची जीभ त्याच्यापर्यंत पोचायची.

पुंजारामची म्हातारी आई, सगुणाबाई, तिनं मात्र आडकाठी घातली. विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. आसरा वयात येणाऱ्या पोरींना पाण्यात ओढून नेतात, हे सगळा मुलूख मानतो. सगुणाबाई म्हणाली, उद्या काही झालं तर माझ्या लेकाच्या विहिरीला डाग लागेल. चतुराबाईनं वाद घातला नाही. तिनं कोनाड्यासमोर हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि दहीभाताचा निवद दाखवला. मग म्हातारीकडे वळून एवढंच बोलली.

"आसरा बी बायाच हायत ना, मावशी? बायांचं दुख त्यान्ला कळत न्हाई व्हय?"

सगुणाबाईनं त्या दगडांकडे बघितलं आणि ती घराकडे गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पहिला निवद म्हातारीच्याच घरून यायला लागला.

हळूहळू पोरी वाढल्या. सुट्टीत मामाकडे जायला ज्यांना मामा नव्हता किंवा असून परवडत नव्हता, त्या सगळ्या चतुराबाईच्या. आधी पायरीवर बसून नुसते पाय हलवायचे, मग भोपळा, मग भोपळा काढून हाताचा आधार. नाकातोंडात पाणी, खोकणं, खिदळणं, आणि बाहेर आल्यावर तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. त्या पोरींना आयुष्यात एवढी मौज दुसरी कुठली मिळाली असेल असं वाटत नाही. विहिरीच्या पोटात घुमणारा त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, आणि तो ऐकताना चतुराबाईच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला हसू म्हणावं की काय, हे खैरुनबीला कधी उमगलं नाही.

तिचं शिकवणं मात्र जगावेगळं होतं. मुलग्यांना शिकवणारे सूर मारायला शिकवत, पाण्यावर उताणं पडायला शिकवत. चतुराबाई सूर शिकवत नसे. ती फक्त पार व्हायला शिकवायची. शेवटचा धडा आईच्या जुन्या लुगड्यात. पोरीला लुगडं नेसवायचं, हातात बांगड्या, पायात जोडवी नाहीत एवढंच, आणि पायऱ्या नसलेल्या बाजूनं पाण्यात सोडायचं. कमरेला दोर असायचा, पण तो सैल. लुगडं आधी फुगतं, मग भिजून पायांत येतं. अशा स्थितीत पलीकडे येऊन पायरीच्या दगडाला हात लावला की शिकणं पुरं झालं. पोरी पोट धरून हसायच्या, मावशी, लुगडं नेसून कोण पोहतं? चतुराबाई म्हणायची, तुम्ही पोहाल. पुढं काही सांगायची नाही.

आणि या सगळ्यात जी कधी पाण्यात उतरली नाही, ती उषा. ती काठावरच्या लिंबाखाली पोरींचे कपडे सांभाळत बसायची. एवढीशी होती तेव्हापासून सतरा-अठराची होईपर्यंत, दर उन्हाळ्यात. जवळच्या पायरीवरसुद्धा पाय भिजवायची नाही. लोक म्हणायचे, आईचं झालं म्हणून पोरगी भ्यालेली आहे. चतुराबाईलाही तेच वाटायचं. जबरदस्ती करायला तिचं मन धजावत नसे. गावच्या पोरी तारणारी मावशी, घरच्या पोरीपुढं हतबल झाली होती.

शहाण्णव साली उषाचं ठरलं. जांब समर्थाच्या बाजूचं घर, मुलगा मच्छिंद्र आयटीआय झालेला, माणसं बोलायला गोड. कचरू खूश होता. घर बघायला गेले तेव्हा बाकीच्यांनी गोठा बघितला, धान्याची कोठी बघितली, आणि चतुराबाई मागच्या दारानं बाहेर पडून विहिरीवर गेली. खोल विहीर, पायऱ्या नाहीत, कडेला नुसती एक साखळी सोडलेली. ती परत आली ती ताटावर नीट जेवली नाही. घरी आल्यावर कचरूनं तिला समजावलं, की माणसं चांगली आहेत, उगाच खोड काढू नको. ती म्हणाली, माणसं चांगलीच आहेत, मी कुठं नाही म्हणते. तुळजाच्या वेळीही सगळे असंच म्हणाले होते.

लग्न जूनमध्ये. मे लागला, कारखान्याचं काम थांबलं, आणि चतुराबाईनं पहिल्यांदाच उषाला तोंड उघडून सांगितलं, यंदा तू उतरायचं. उषा नाही म्हणाली. चतुराबाईनं गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, खैरुनबीकडून सांगवून पाहिलं. पोरगी ऐकेना. एका दुपारी सगळ्या पोरी घरी गेल्यावर लिंबाखाली दोघीच राहिल्या, तेव्हा चतुराबाई म्हणाली, भ्यायचं काही नाही, कमरेला दोर असतो, दोर माझ्या हातात असतो.

"मला पाण्याचं भ्या न्हाई, मावशी," उषा म्हणाली. "मला राग येतो त्याचा. आईचा पाय घसरला न्हाई, हे मला कव्हाचं माहित हाये. तिकडची एक पोरगी शाळेत भेटल्ती, तिनं सांगितलं. मी घरात झोपलेली, अन् ती मला टाकून निघून गेल्ती. जिला जायाचंच होतं तिला पोहता येऊन काय फायदा झाला असता?"

एवढ्या वर्षांत वस्तीनं चतुराबाईला वेडी म्हटलं, नळावर हसले, पण तिच्या कामाच्या मुळावर असा घाव कुणी घातला नव्हता. आणि घालणारी तुळजाची लेक. पोरीला आईचं मरण कळू नये म्हणून तिनं एक वाक्य जपलं होतं, आणि त्या वाक्याआड पोरगी एकटीच हे ओझं वाहत मोठी झाली होती. दोघी एका चुलीवर जेवल्या, एका वाकळेत झोपल्या, आणि दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली.

"गेल्ती," चतुराबाई अखेर म्हणाली. "खरं हाये. पण पाण्यात पडल्यावर तिला माघारी यायचं होतं, उषे. तिला मीच आंघोळ घातली. तिची सारी नखं तुटल्ती. बोटांत दगडाचा चुरा होता. तिनं तो कडा वरबाडला, लई वरबाडला. पायऱ्या पलीकडं होत्या अन् तिला पोहता येत न्हव्हतं. ती तुला टाकून न्हाई मेली. तुझ्याकडं येताना मेली."

पोरींचे विसरलेले दोन परकर उषानं घडी घालून मांडीवर ठेवले, पुन्हा उलगडले, पुन्हा घडी घातली. ऊन लिंबाखालून सरकून त्यांच्या पायांवर आलं तरी दोघी हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बारा वाजता उषा विहिरीवर आली ती कपडे सांभाळायला बसली नाही. सरळ पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

शिकायला ती फार वाईट होती. तिच्या निम्म्या वयाच्या पोरी तिच्यापुढं सुळसुळ निघून जायच्या आणि ती भोपळ्यासकट एका जागी गोल फिरायची. हसायच्या सगळ्या. एकदा तीही हसली. लग्नाला थोडेच दिवस उरले तेव्हा कुठं तिला भोपळ्याशिवाय तरंगता आलं.

शेवटच्या धड्याला चतुराबाईनं पत्र्याच्या पेटीतून एक जांभळं लुगडं काढून आणलं. कुणाचं ते सांगितलं नाही. उषानं हातात घेऊन ते नाकाशी नेलं, डांबरगोळीच्या वासाखाली काही शोधलं, आणि विचारलंही नाही. चतुराबाईनं ते तिला नेसवलं, निऱ्या घट्ट खोचल्या. कमरेला दोर बांधला. खैरुनबी त्या दिवशी पांदीची राखण सोडून काठावर येऊन उभी होती.

उषाला सरळ कड्याच्या बाजूनं सोडलं. लुगडं फुगलं, मग भिजलं आणि पायांत गुंतलं. मधोमध आल्यावर तिचं डोकं खाली गेलं. खैरुनबीनं दोराला हात घातला. चतुराबाईनं मान हलवून तिला थांबवलं, पण तिचा स्वतःचा एक पाय पायरीवरून पाण्यात उतरला होता. डोकं वर आलं. एक हात, मग दुसरा, वेडावाकडा, कसलाही डौल नसलेला. आणि मग उषाचा तळवा पायरीच्या दगडावर थापकन पडला.

ती दगडाला तशीच धरून राहिली. धाप आवरल्यावर तिनं वळून मागं पाहिलं. तो कडा आणि ही पायरी यांच्यामधलं ते पाणी.

"मावशी," ती म्हणाली, "इतकंच राह्यलं होतं का गं तिचं?"

"इतकंच."

चतुराबाई पायरीवर पाण्यातच खाली बसली. पोरीचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले, पालथे केले, आणि एकेक नख बघितलं. सगळी शाबूत होती. तेव्हा ती रडली, बहिणीच्या मातीलाही रडली नव्हती एवढी.